फ्रिजवरचा चष्मा

“सदस्यांचे फोन? छे हो! ऐकायला वेळ कुणाला आहे?” टेहळणी खात्याचे संचालक म्हणाले, आणि समितीच्या खोलीत हसू पिकलं. पाठीमागे सगळे त्यांना कानसाहेब म्हणत. कान तसे बेताचेच होते.

विधेयक एका ओळीचं होतं. न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय कुणाचाही फोन ऐकायचा नाही. सध्या त्यासाठी कानसाहेबांची सही पुरत असे, आणि पेन त्यांच्याच खिशात असे. समितीत चौघे विधेयकाच्या बाजूने होते, चौघे विरोधात. उरल्या अध्यक्षबाई. इथे विधेयक पडलं की ते सभागृहात जाणारच नव्हतं. बाई सकाळपासून कानसाहेबांना “बसा ना, पाणी घ्या ना” करत होत्या. ते पाहून बाजूच्या चौघांची तोंडं उतरली होती.

मतदानाआधी अध्यक्षांनी विधेयक मोठ्याने वाचायचं, ही समितीची रीत. बाईंनी कागद घेतला. पर्स उघडली. मग पर्स उलटी केली. किल्ल्या पडल्या, खोकल्याच्या गोळ्या पडल्या, नातवाचा एक मोजा पडला. चष्मा काही पडला नाही.

“सकाळी तर होता बाई,” त्या पुटपुटल्या.

“फ्रिजवर राहिलाय, अक्का,” पाण्याचा घोट घेता घेता कानसाहेब म्हणाले. “तुम्ही निघाल्यावर तुमचे मिस्टर तुमच्या भावाला फोनवर सांगत होते.”

बाईंना अक्का म्हणणारी माणसं जगात मोजकी होती, आणि ती सगळी त्यांच्या माहेरची होती.

विरोधातल्या एका ज्येष्ठ सदस्याने खिशातला फोन काढला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसून घेतलं.

“हे बेकायदेशीर आहे!” विधेयकाच्या बाजूचा एक तरुण सदस्य ओरडला.

समितीच्या कायदा सल्लागाराने पुस्तक चाळलं. घसा साफ केला. “नाही, बेकायदेशीर नाहीये. म्हणून तर हे विधेयक आलंय.”

मग टेबलाच्या टोकाकडून दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, “साहेब, आमच्या गाडीची दुसरी किल्ली…?”

“मेहुण्याकडे. तो नाही म्हणेल. ऐकू नका.”

बाईंनी टेबलावरचा मोजा उचलून मुठीत धरला. “कधीपासून ऐकताय माझं?”

“आईंच्या आजारपणापासून,” कानसाहेब हळवे झाले. “शेवटचे दिवस फार कठीण गेले हो. आमच्या स्टाफमधले दोघं रडले.”

त्या दिवसांत बाई स्वतः एकदाच रडल्या होत्या. बहिणीला फोन लावून, न्हाणीघराचं दार लावून.

त्यांनी एकेक वस्तू पर्समध्ये परत भरली. मोजा शेवटी. मग म्हणाल्या, “मतदान घेऊ.”

“कशाला त्रास घेता?” कानसाहेब फाईल आवरत उठले. “काल रात्रीच बहिणीला सांगितलंत ना, विरोधात म्हणून? पाच विरुद्ध चार. आम्ही ऑफिसात केक मागवलाय.”

“चष्मा नाही, पण एकच तर ओळ आहे,” बाई म्हणाल्या. आणि कागदाकडे न बघता त्यांनी ती म्हटली. न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय कुणाचाही फोन ऐकायचा नाही. “बाजूने कोण?”

चार हात वर गेले.

मग बाईंचा गेला.

कानसाहेब मटकन खाली बसले. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं. घरच्याच माणसाने दगा द्यावा तसा त्यांचा आवाज कापरा झाला.

“पण अक्का, हे तुम्ही घरी कुणालाच सांगितलं नव्हतंत!”