बुडालेल्या गावाचा नकाशा

"मशीद पुसली कुणीतरी!" तुकिरान म्हातारा संगणकाच्या पडद्यावर बोट आपटत म्हणाला. "काल सकाळी काढली होती. आज बघ, नुसतं निळं पाणी."

वेनिंगनं खुर्ची ओढली. लोकांनी मिळून चालवलेल्या नकाशाचं काम बघायला ती दर गुरुवारी यायची. कंपन्यांच्या नकाशांवर धरणात बुडालेल्या गावांना जागा नव्हती. या बिनपैशाच्या नकाशात त्यांच्यासाठी वेगळं पान होतं. कुणीही काढावं, कुणीही पुसावं.

"पुन्हा काढा, म्बाह आजोबा. घाई कसली?"

"एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला विचारतेस? गाव एकदा पुरं झालं की मी जायला मोकळा."

"निघाले!" आतून त्याची बायको सामिनेम म्हणाली. ती केळीच्या पानांत सोयाबीनचं टेम्पे बांधत होती. "स्वतःच्या चपला सापडत नाहीत, आणि निघाले!"

वेनिंग हसली. तीन वर्षांपूर्वी हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवायलाही उठत नसे. तिनं जुना संगणक आणून दिला, तेव्हापासून पहाटेच उठून बसायचा. हात हलला की पाण्यातून गल्ली वर यायची. तंबाखूच्या पानांचा वास यायचा. म्हशी धुळीतून सावकाश घरी परतायच्या.

"पुसणारा आहे तरी कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"टोपणनाव आहे. वेळ तेवढी कळते. दर वेळी दुपारी, एक ते दोन."

"माझ्या झोपेची वेळ साधतो, लबाड! वर्ष झालं, गाव पुरं होत आलं की काहीतरी गायबच."

"बंदी घालू त्याच्यावर?"

"नको. मीच धरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीद पुन्हा उभी केली. मग उरलेलं एकच घर, स्वतःचं, काढलं. गाव पुरं झालं. तो बराच वेळ त्यातून हिंडला. जेवताना बायकोला तसं सांगितलंही. ती त्याच्या पानात भात वाढत राहिली.

दुपारी तो आडवा झाला, पण डोळा लागू दिला नाही. एक वाजला तसा उठून दाराशी आला.

खुर्चीवर सामिनेम बसली होती. नाकावर त्याचाच चष्मा. एका बोटानं, चुकत-माकत, ती त्यांचं घर पाण्यात सोडत होती.

म्हातारा पावलं न वाजवता मागं फिरला, अंथरुणावर पडला आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं घोरू लागला.