तोच हिरवा

"अजून थेंबभर काळा घाल," आई म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मान वर करून बघतही नव्हती.

मुलाने डब्यात थेंबभर काळा रंग घातला आणि काडीने ढवळला. हिरवा एकदम ओळखीचा झाला. गॅलरीच्या गजाला टांगलेला सायकलचा सांगाडा अजून लालच होता. आधी लाल अस्तर लावायचं, हेही आईनेच सुचवलं होतं. टवका उडालेल्या जागी खालचं लाल दिसायला हवं, नाहीतर बाबा फसायचे नाहीत.

खरी सायकल बाजारातून चोरीला गेली होती. चूक सगळी त्याचीच. पटकन जाऊन येऊ म्हणून निघाला आणि साखळी-कुलूप घरीच खिळ्याला राहिलं. बाबा पाय मोडून आत्याकडे पडून होते. जाताना किल्ली त्याच्या हातात देऊन गेले होते. सायकल मूळची आजोबांची, आणि त्यांच्यानंतर बाबांनी ती आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. "एवढ्या वर्षांत एकदासुद्धा कुलूप लावायला विसरलो नाही," असं ते पाहुण्यांना ऐकवत. पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी.

त्याला ओरडण्याची भीती नव्हती. बाबा ओरडले असते तर बरंच. ते काहीच बोलणार नाहीत आणि पुन्हा कधी कसलीच किल्ली हातात देणार नाहीत, या विचाराने त्याची झोप उडाली होती. म्हणून त्याने भंगारवाल्याकडे हुडकून त्याच बनावटीची जुनी सायकल आणली. बाबांचं प्लास्टर निघालं होतं. रविवारी ते घरी येणार होते.

रंग वाळला, चाकं चढली, आणि मग प्रश्न आला टवक्यांचा. रोज डोळ्यांसमोर असलेली सायकल, पण त्याला एकही टवका नीट आठवेना.

"दांड्यावर डावीकडे एक, अंगठ्याच्या नखाएवढा," आई म्हणाली. "सीटखाली दोन ओरखडे. एक लांब, एक आखूड."

त्याला नवल वाटलं. ही बाई चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायची. त्याने खिळा उचलला.

"खिळ्याने मुद्दाम खरवडल्यासारखं दिसतं." आईने खणाच्या तळातून तो वाकडा चमचा काढला. त्याने कुणी कधी जेवलं नव्हतं आणि तो कधी टाकलाही गेला नव्हता. "सरक तिकडे. तुला नाही जमायचं."

रविवारी बाबा काठी टेकत आले. पाणीही न घेता आधी गॅलरीत गेले. बाबांनी हँडल धरलं, दांड्यावरून हात फिरवला आणि टवक्यावर अंगठा ठेवून पाहिला.

"सांभाळलीस," ते शेवटी म्हणाले. "किल्ली राहू दे तुझ्याकडेच."

पाणी आणायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. तिथे कुठे त्याच्या जिवात जीव आला. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. आज ना उद्या खरं सांगून टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. पेला घेऊन तो परत निघाला, तर दाराशीच त्याला बाबांचा दबका आवाज ऐकू आला.

"टवका जरा मोठा पडला गं या वेळी."

"चमचा तोच होता," आई म्हणाली. "तुम्ही मामंजींची हरवलीत, तेव्हा माझा हात स्थिर होता."