परचुरेकाकांची काठी

"काका, काठी आणलीत ना?" विभावरीने स्टुडिओच्या दारातच विचारलं. परचुरेकाकांनी काठी वर करून दाखवली.

तिच्या 'भोंगा रेकॉर्ड्स'चं पहिलं रॉक अँड रोल गाणं सांगलीच्या घरात रेकॉर्ड होत होतं, तेव्हा वैतागलेल्या काकांनी शेजारून भिंतीवर काठी बडवली होती. ते ठोके गाण्यात तसेच राहिले आणि लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं. मग पुण्यात झकास स्टुडिओ थाटला. पण इथली गाणी साफ आपटली. "ते ठोके कुठे गेले?" जो तो विचारायचा.

आज बँडने जीव ओतून वाजवलं. काका मात्र डोळे मिटून मान डोलवत बसले.

"काका, ठोके!"

"अगं, ही पोरं हल्ली फार छान वाजवतात," काका म्हणाले. "राग आल्याशिवाय माझा हात उठत नाही. जरा पहिल्यासारखं घाण वाजवा बघू!"