उजवा हात वर

"खोली भरली तर पूर्ण मानधन," मालक म्हणाले. "नाही भरली तर अर्ध्यावर समाधान माना. योग म्हणजे तरी काय, समाधानच ना?"

स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले. तिला हसू आलं नाही. सहाच जण समोर असले म्हणून शिकवणारीचा घसा कमी कोरडा पडतो असं थोडंच आहे? पण अडला हरी, दुसरं काय. तिने मान डोलावली. मुदत महिन्याची होती.

गाव नवं, राहणं दादाकडे. दादाने आपल्या ऑफिसात तिच्यासाठी टेलिफोनजवळची एक खुर्ची धरून ठेवली होती. मानधन अर्धंच राहिलं, तर महिनाअखेर त्या खुर्चीत जाऊन बसायचं असं ठरलं होतं. ती खुर्ची तिला स्वप्नातही नको होती.

वहिनी मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. "वन्सं, श्वास घ्यायला शिकवून पैसे मागता? तो तर फुकट मिळतो!" कुणी पत्ता विचारला की हिने 'उजवीकडे' म्हणत डावा हात करावा, त्यावरही वहिनीची करमणूक. तिचा तरी काय दोष? वर्गाकडे तोंड करून तोंडाने उजवं सांगायचं आणि स्वतः डावं करून दाखवायचं, म्हणजे समोरच्यांना आरशासारखं दिसतं. इतक्या वर्षांची सवय घरी आल्यावर कशी सुटणार?

खरं दुःख वेगळंच होतं. धंद्यातलं कुणी बोलायला नव्हतं. एकाचा वर्ग संपला की तो किल्ली खिळ्याला लावून जातो, दुसरा येऊन ती काढतो. तो खिळा सगळ्यांना ओळखतो, पण माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. इतरांना काय देतात, तेही असेच मनात कुढतात का, हे विचारायचं कुणाला?

शेवटी ती चटयांच्या दुकानात गेली. तिथे म्हणे गावातले सगळे शिक्षक येत. चटईवालीपुढे तिने मन मोकळं केलं. मालकांची अट, अर्धं मानधन, ती खुर्ची, सगळं सांगून टाकलं.

"कुणी आलं तर निरोप द्याल? रविवारी कोपऱ्यावर चहाला बसू म्हणावं. सगळे मिळून."

"निरोप देते," चटईवाली म्हणाली. "पण सगळे आपापल्या व्यापात असतात हो."

रविवारी तिने एकटीनेच दोन कप चहा प्यायला. कुणी फिरकलं नाही. तिला फार वाईट वाटलं.

सोमवारी वर्गात एक लांब वेणीवाली बाई आली. मंगळवारी एक टोपीवाले गृहस्थ. मग रोज कुणी ना कुणी. आठवडा संपायच्या आत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

तिने आनंदाने उड्या मारायच्या, तर तिचं डोकं चक्रावलं. ही कसली माणसं? डोळे मिटायला लावून तिने म्हणावं, "उजवा हात वर," की निम्म्या खोलीचा डावा हात वर. मग एकदम चुळबुळ आणि हातांची अदलाबदल. वयाने वाढलेली माणसं, आणि डावं-उजवं कळत नाही? शवासनात मात्र एकही जण घोरत नव्हता. नव्या वर्गात कुणी घोरत नाही असं तिने आजवर पाहिलं नव्हतं. टोपीवाल्यांचा हात तर एकदा शेजारच्याचा खांदा सरळ करायला निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

"कधी केलंय का पूर्वी?" तिने विचारलं.

"थोडंफार," ते म्हणाले आणि चटई गुंडाळू लागले.

हे घरी सांगितल्यावर वहिनी हसून हसून खाली बसली. "डावं-उजवं कळत नाही? गुरू तसे चेले हो!"

एके दिवशी वेणीवाली मागे रेंगाळली. "तुम्हाला इथे नीट देतात ना हो?"

तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली. ही मालकांचीच माणसं! आपण बाहेर काय बोलतो ते काढून घ्यायला पेरलेली. चटईवालीने सगळं त्यांच्या कानावर घातलं असणार. म्हणूनच पैसे भरून येतात आणि शिकायचं नाव नाही.

"माझी काही तक्रार नाही," ती ताठ आवाजात म्हणाली.

वेणीवाली हसली आणि चटई उचलून गेली.

त्यानंतर वर्ग घेताना ती तोलूनमापून बोलू लागली. ती माणसं मात्र रोज वेळेवर हजर. महिना संपला. मालकांनी भरलेल्या खोलीकडे दोनदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पूर्ण मानधन तिच्या हातावर ठेवलं. खुर्ची टळली. दादाने पाठ थोपटली. पण आता आनंद मानावा की पुढच्या घावाची वाट पाहावी, हे तिला समजेना.

जाब विचारायला ती तडक चटयांच्या दुकानात गेली.

"माझं बोलणं कुणाला सांगितलंत तुम्ही?"

चटईवालीने एक नवी चटई तिच्या हातात ठेवली. "वर वर्ग चालू आहे, तेवढी पोचवता? माझे गुडघे दुखतात."

धुसफुसतच ती जिना चढली. दाराला काच होती. आत पंधरा-वीस माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, लांब वेणीवाली.

"उजवा हात वर," वेणीवाली म्हणाली, आणि तिने स्वतःचा डावा हात वर केला.

मागे जिन्यावर किल्ल्या खुळखुळल्या. टोपीवाले होते, काखेत चटई घेऊन.

"हिचा संपला की माझा वर्ग," ते हळूच म्हणाले. "चहाचं आपलं राहूनच गेलं, नाही?"