फ्रिजवरची भाकितं

सकाळी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून मी मार्चमध्ये लिहिलेला कागद उतरवला. इथे परदेशात, आमच्या शहराच्या बेसबॉल संघाचा सीझन काल संपला होता. ‘आपण पहिले येणार’, ‘नवा पिचर वीस मॅच जिंकून देणार’, अशी माझी पाच भाकितं होती. संघ शेवटून दुसरा आला. पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, मे महिन्यातच खांदा धरून बसला.

खाली बायकोचं अक्षर होतं. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही, तरी दर वर्षी ती तीन ओळी लिहिते आणि तिन्ही खऱ्या ठरतात. ‘हरतील. मग हे म्हणतील, पुढच्या वर्षी बघ. मी चहा टाकेन.’

जूनमध्ये तिचे वडील घरात पडले म्हणून ती सांगलीला गेली, ती अजून तिथेच आहे. मी फोन लावला.

“हरले ना?” तिने विचारलं.

“हो. पुढच्या वर्षी बघ.”

“म्हणजे माझी दोन बरोबर आली.”

“तिसरं चुकलं,” मी म्हणालो. “चहा मीच टाकलाय.”

पलीकडून फरशीवर सरकणाऱ्या वॉकरचा आवाज येत राहिला.

“ते पुढच्या वर्षी,” ती म्हणाली.