मिस्पा

सासरे कबरींचे दगड कोरायचे आणि माणूस गेल्याशिवाय दगडावर नाव घालायचे नाहीत. जावयाच्या नव्या दारासाठी मात्र त्यांनी काळ्या दगडाची पाटी स्वतः कोरून आणली: ‘मिस्पा’.

"पवित्र शास्त्रातल्या गावाचं नाव. हिब्रूत टेहळणीची जागा," ते पाटी ठोकत म्हणाले.

"वा बाबा, म्हणजे घराला पहारेकरीही दिलात," जावई म्हणाला.

"तिथं दोन लेकी दिलेल्या एका सासऱ्यानं जावयाबरोबर दगड रचून करार केला होता."

"कसला?"

तेवढ्यात लेक पाणी घेऊन आली. नवऱ्यानं डोळे वटारले, तशी तिनं काळानिळा दंड झाकायला बाही खाली ओढली.

सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली नाही.

"साक्षीला माणूस नसला, तरी माझ्या लेकींना छळलंस तर गाठ देवाशी आहे, हाच."