दोन टक्के लोखंड

दुपारी दोन वाजता, रसायनशास्त्र विभागाच्या गच्चीवर, चौथ्या बीकरमधला निळा रंग उडाला.

पाचही बीकरांत कापड रंगवायचा तोच निळा रंग होता आणि झिंक ऑक्साइडच्या नॅनोशीट्सची, म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांची, चिमूटभर पूड. फरक एवढाच, की प्रत्येक पुडीत लोखंड कमीजास्त मिसळलं होतं. लोखंड नसलेल्या पुडीनं उन्हात रंग जेमतेम फिकट केला. चार टक्क्यांची तर तिच्याहून मठ्ठ निघाली. चौथ्या बीकरमधल्या दोन टक्केवालीनं मात्र तीन तासांत सगळा रंग खाऊन टाकला आणि ढवळणं थांबवल्यावर ती निवांत तळाशी जाऊन बसली. इथवर यायला मला तीन वर्षं लागली होती.

कुणाला तरी दाखवावं म्हणून मी धावत खाली गेलो. दिवाळीच्या सुट्टीमुळे सगळ्या खोल्यांना कुलपं होती. माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन लागला नाही. दुसरा नंबर कुणाचा लावायचा ते सुचेना, तसा परत वर आलो.

सुट्टीतली साफसफाई करायला आलेल्या शेवंतामावशी चौथा बीकर धुऊन पालथा घालत होत्या.

“गाळाचं पाणी होतं, दिलं ओतून,” त्या म्हणाल्या. “तुमच्या निळ्या औषधांना मात्र हात लावला नाही बघा.”

मी पालथा बीकर उचलून आत डोकावलो.

“का, कामाचं होतं का काही?”

“नाही. पाणीच होतं.” मग मी विचारलं, “मावशी, उद्या अकराला माझ्याजवळ येऊन बसाल का इथं? तीन तास लागतात.”